विश्लेषण : ना पदवी, ना नोकरी… लेखणी आणि कॅमेऱ्याच्या सोबतीने गोनीदा आयुष्यभर कसे जगले?

मोबाइलमधला कॅमेरा, लिहिण्याची आवड आणि फिरण्याची हौस या भांडवलावर स्वतंत्र लेखक-छायाचित्रकार म्हणून जगू पाहणारे तरुण आज नागपूर, हिंगणा, बुटीबोरीतही भेटतात. घरच्यांचा त्यांना एकच प्रश्न असतो : यावर पोट भरते का? या प्रश्नाला सामोरा गेलेला एक मोठा मराठी लेखक विदर्भातच जन्मला होता. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले, हाती कोणतीही पदवी नाही आणि महिन्याचा पगारही नाही, अशा स्थितीत गो. नी. दांडेकर यांनी लेखनालाच व्यवसाय मानले. त्यांचा प्रवास कसा झाला, त्यांनी कोणती किंमत मोजली आणि आजच्या स्वतंत्र लेखकाला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

गोनीदा कोण होते?

गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाड्यात झाला. वाचकांसाठी ते ‘गोनीदा’ आणि जवळच्यांसाठी ‘आप्पा’. ‘शितू’, ‘पडघवली’, ‘पवनाकाठचा धोंडी’, ‘माचीवरला बुधा’, ‘जैत रे जैत’, ‘मृण्मयी’ या कादंबऱ्या त्यांच्या. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर पुस्तकाला १९७६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये अकोल्यात झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची दुसरी ओळख किल्ल्यांचा लेखक म्हणून आहे. परतवाड्याहून मेळघाटाचा घाट चढला की चिखलदरा आणि तिथे गाविलगड लागतो. म्हणजे सह्याद्रीतील दुर्गांवर जीव लावणारा हा माणूस जन्मला सातपुड्यातील एका मोठ्या दुर्गाच्या परिसरात. पुढे महाराष्ट्रातील किल्ले त्यांनी पुन्हा पुन्हा पायी पाहिले, त्यांच्यावर पुस्तके लिहिली आणि कॅमेऱ्याने त्यांची छायाचित्रेही काढली.

शाळा का सुटली?

१९३० च्या सुमारास देशभर सविनय कायदेभंगाचे वारे वाहत होते. गोपाळ तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता आणि सातवीच्या आसपास शिकत होता. गांधीजींच्या हाकेने भारावून त्याने घर सोडले. पळून गेलेला मुलगा चार दिवसांत परत येईल असे कोणालाही वाटले असते. मात्र ही भटकंती अनेक वर्षे चालली.

या काळात त्याला गाडगे महाराजांचा सहवास मिळाला. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारे गाडगेबाबा त्याने जवळून पाहिले. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधणारा, धर्मशाळा उभारणारा आणि स्वतः मात्र फुटक्या गाडग्यात जेवणारा हा माणूस त्या मुलाच्या मनात घर करून राहिला. पुढे गोनीदांनी गाडगेबाबांचे चरित्र लिहिले. १९७७ मध्ये राजदत्त यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. कोवळ्या वयात जे पाहिले, त्याचा उपयोग सुमारे चार दशकांनंतर झाला.

भटकंतीतून हाती काय लागले?

या वर्षांत औपचारिक शिक्षण झाले नाही, पण अभ्यास थांबला नाही. आळंदीत ज्ञानेश्वरी, मग संस्कृत आणि वेदान्त असे अध्ययन त्यांनी केले. औंध येथे वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण आणि काम झाले. काही काळ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कामही त्यांनी केले.

याच प्रवासात त्यांनी नर्मदा परिक्रमा केली. नर्मदेची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर आहे. एका तीराने जायचे आणि दुसऱ्या तीराने परतायचे, म्हणजे चालण्याचे अंतर अडीच हजार किलोमीटरच्याही पुढे जाते. परिक्रमेचा नियम साधा आहे. नदी ओलांडायची नाही आणि वाटेत जे मिळेल त्यावर भागवायचे. या अनुभवाच्या आधारे त्यांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. आज नर्मदा परिक्रमेवर मराठीत अनेक पुस्तके मिळतात; परंतु हा विषय मराठी घराघरांत पोहोचवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत या कादंबरीचे स्थान मोठे आहे.

स्वतंत्र लेखकाच्या हिशेबाने पाहिले तर ही वर्षे वाया गेली नाहीत. कोणत्या गावात कोणती बोली बोलतात, धनगर कसा चालतो, साधू कशावर जगतो, पुराचे पाणी कसे चढते, याचा साठा त्यांच्याकडे जमा झाला. नंतरच्या जवळपास सगळ्या लेखनाची शिदोरी ती होती.

पूर्णवेळ लेखनाचा निर्णय किती जोखमीचा होता?

स्वातंत्र्याच्या सुमारास गोनीदांनी तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड केले आणि लेखनावरच उपजीविका करण्याचे ठरवले. त्या काळी हा निर्णय जवळजवळ वेडेपणाचा होता. मराठीतील बहुतेक नामवंत लेखक प्राध्यापक, शिक्षक, सरकारी नोकर, वकील किंवा पत्रकार होते. पगार एका जागेवरून यायचा आणि साहित्यसेवा उरलेल्या वेळात व्हायची.

पुस्तकांचे गणित तेव्हाही कठीण होते. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींची निघायची. लेखकाला मिळणारे मानधन हा छापील किमतीचा लहानसा हिस्सा असायचा आणि तोही विक्री होईल तसा हाती यायचा. मासिकांचे मानधन तुटपुंजे आणि दिवाळी अंक वर्षातून एकदाच. आकाशवाणीवरील भाषण आणि व्याख्यानमालांचे निमंत्रण हे आणखी दोन आधार. यांपैकी एकही उत्पन्न दर महिन्याला ठरावीक तारखेला येत नाही, वाण्याची उधारी मात्र दर महिन्याला द्यावीच लागते.

म्हणून अशा लेखकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे लेखनात खंड पडू द्यायचा नाही. दुसरे, वेगवेगळ्या वाचकांसाठी वेगवेगळ्या प्रकारचे लिहायचे. गोनीदांच्या ग्रंथसूचीवर नजर टाकली तर हे लगेच लक्षात येते. सामाजिक कादंबऱ्या, शिवकाळावरील कादंबऱ्यांची मालिका, ज्ञानेश्वरांवरील ‘मोगरा फुलला’, रामदासांवरील ‘दास डोंगरी राहतो’, तुकारामांवरील ‘तुका आकाशाएवढा’, कुमारांसाठीची पुस्तके, प्रवासवर्णने, चरित्रे आणि किल्ल्यांवरचे लेखन असा त्यांचा विस्तार आहे. ‘शितू’ वाचणारा आणि ‘मोगरा फुलला’ वाचणारा वाचक एकच असेल असे नाही. एका पुस्तकाचा जोर ओसरला तर दुसरे उभे राहत होते.

या निर्णयाचा भार लेखकाच्या एकट्याच्या खांद्यावर नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. लेखक आठवडेच्या आठवडे डोंगरात असतो तेव्हा घर चालते ते घरातल्या माणसांमुळे. पत्नी नीराताई यांच्या साथीशिवाय हा संसार उभा राहिला नसता.

तळेगावच का निवडले?

तळेगाव दाभाडे हे पुणे-लोणावळा रेल्वेमार्गावरचे गाव. पुण्याचे प्रकाशक, आकाशवाणी, वाचनालये आणि छापखाने रेल्वेने जवळ, पण राहण्याचा खर्च शहरापेक्षा कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे किल्ले याच टापूत आहेत. पाठीवर पडशी टाकून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी गडावर मुक्कामाला पोहोचू शकतो.

कामाचे ठिकाण विषयाच्या जवळ आणि बाजारपेठेपासून फार दूर नाही, हा स्वतंत्र व्यावसायिकासाठी मोठा फायदा असतो. ‘पवनाकाठचा धोंडी’मधील धोंडी हा तुंग किल्ल्याचा हवालदार आहे. ‘माचीवरला बुधा’मधील म्हातारा मुंबई सोडून राजमाचीवर परततो. दोन्ही कादंबऱ्यांचे प्रदेश तळेगावच्या आसपासचे आहेत. शेजारच्या डोंगरातील माणसे त्यांनी आधी ओळखीची करून घेतली, मग ती पुस्तकात आली.

आधी जागेवर जायचे, मग लिहायचे…

गोनीदांच्या कामाची पद्धत त्यांच्या पुस्तकांतूनच कळते. विषय सुचला की ते त्या जागी जात, तिथल्या माणसांत राहत, त्यांची बोली कानांत साठवत आणि मग लिहीत. ‘जैत रे जैत’ ही ठाकर समाजाची कादंबरी. ढोल वाजवणारा नाग्या, लिंगोबाचा डोंगर आणि तिथली आग्या मोहोळाची राणीमाशी हे जग शहरात बसून कल्पनेने रचता येणारे नाही. ‘पडघवली’ कोकणातल्या खेड्याची पडझड तिथल्या एका बाईच्या तोंडून सांगते. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ थेट पंजाबात, भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीपाशी जाते. स्वतंत्र भारताच्या त्या प्रचंड बांधकामावर मराठीत कादंबरी लिहिली जावी, हीच त्या काळी नवलाची बाब होती.

या पद्धतीत खर्च जास्त आणि वेळ अधिक लागतो. मात्र तिचा परतावाही मोठा असतो. त्या जागेवर प्रत्यक्ष गेलेला लेखक दुसऱ्या कोणाकडेही नसलेला मजकूर घेऊन येतो. नोकरीची ऊब नसलेल्या लेखकाला बाजारात टिकून राहण्यासाठी हाच सर्वांत भक्कम आधार असतो.

कॅमेरा कशासाठी?

गोनीदा हौसेने आणि सातत्याने छायाचित्रे काढत. आज मोबाइलवर शंभर फोटो काढून त्यातले नव्वद पुसता येतात. रोलच्या कॅमेऱ्यात तशी सोय नव्हती. मोठ्या रोलवर साधारण बारा, तर ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ३६ चित्रे मिळत. प्रत्येक खटक्याला पैसे पडत. चित्र नीट आले की नाही, हे गड उतरून रोल धुतल्यावरच कळे. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरे, ओल्या हवेत फिल्म खराब होई. सकाळचे तिरपे ऊन हवे असेल तर रात्रीचा मुक्काम गडावरच करावा लागे. राजगडावर तर गोनीदा अनेकदा मुक्कामी राहिले.

त्या वेळी चित्र छापणेही महाग होते. खिळ्यांच्या छपाईत छायाचित्रासाठी धातूचा वेगळा ठसा करून घ्यावा लागे. त्यामुळे पुस्तकांत आणि मासिकांत चित्रे मोजकीच असत. म्हणजे कॅमेऱ्यावर केलेला खर्च लगेच वसूल होण्याची शक्यता कमी होती. तरीही ते चित्रे काढत राहिले, कारण तटबंदी, दरवाजे, बुरूज, टाकी आणि माच्या यांची ती नोंद होती. बुरुजाचा आकार शब्दांत सांगताना लेखकाची स्मृती चुकू शकते, चित्र मात्र समोर असते.

या नोंदींचे मोल पुढे वाढत गेले. किल्ले ऊन-पावसाने ढासळतात, झाडांची मुळे चिरे फोडतात, कधी डागडुजीने मूळ रूप बदलते. त्यामुळे अर्धशतकापूर्वीचे छायाचित्र आज पुरावा म्हणून पाहिले जाते. गोनीदांच्या मागे त्यांच्या दुर्गछायाचित्रांची प्रदर्शने भरली आणि ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या नावाने ती पुस्तकरूपातही आली.

किल्ल्यांवरील लेखनाने काय बदलले?

‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही त्यांची पुस्तके किल्ल्यांच्या वाटेवर निघालेल्या अनेक पिढ्यांच्या हाती होती. त्याआधी किल्ल्यांबद्दलची माहिती प्रामुख्याने इतिहास संशोधकांच्या ग्रंथांत आणि इंग्रजी गॅझेटिअरमध्ये होती. गोनीदांनी गडावरची वाट, पाण्याचे टाके, वाटेत भेटलेला धनगर, वाऱ्याचा आवाज आणि इतिहास यांची एकत्र गुंफण केली. वाचकाला पुस्तक मिटून गडावर जावेसे वाटावे, असे ते लेखन होते.

ते स्वतःही तरुणांना सोबत घेऊन गडांवर जात. आज दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत उसळणारी गर्दी वेगळ्या काळाची आहे. मात्र गडावर जाणे म्हणजे इतिहासाशी आणि निसर्गाशी भेट, ही जाण मराठी मध्यमवर्गात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ आणि दुर्ग साहित्य संमेलन सुरू झाले, ते यामुळेच.

वऱ्हाडाशी नाते तुटले का?

तळेगावात स्थायिक झाल्यावरही वऱ्हाड त्यांच्या लेखनातून गेले नाही. ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी पूर्णा नदीच्या खोऱ्यातील माणसांची आहे आणि तिच्यात वऱ्हाडी बोली मनमोकळी वाहते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही बोली तेव्हा अपरिचित होती. तरीही लेखकाने ती पातळ केली नाही.

कोकणी ढंगाची मराठी, मावळी, ठाकरी आणि वऱ्हाडी अशा वेगवेगळ्या बोली एकाच लेखकाच्या पुस्तकांत आढळतात. विद्यापीठात भाषाशास्त्र न शिकता कान उघडे ठेवून मिळवलेली ही कमाई होती. घर सोडून गेलेल्या मुलाला १९८१ मध्ये वऱ्हाडातच, अकोल्यात, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले.

चित्रपटांनी किती हात दिला?

एकदा लिहिलेले पुस्तक दुसऱ्या माध्यमात गेले की लेखकाला नवा वाचक मिळतो. ‘पवनाकाठचा धोंडी’वर १९६० च्या दशकात चित्रपट आला. १९७७ मध्ये जब्बार पटेल यांनी ‘जैत रे जैत’ पडद्यावर आणला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका, ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे ही कथा पुस्तक न वाचलेल्यांपर्यंतही पोहोचली.

नंतर कन्या वीणा देव, जावई विजय देव आणि नात, अभिनेत्री मृणाल कुलकर्णी यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, फक्त आवाज. कादंबरी ऐकवण्याचा हा प्रकार मराठी प्रेक्षकांनी उचलून धरला. छापील पानावरून पडदा आणि तिथून रंगमंच असा एकाच लेखनाचा प्रवास झाला.

मर्यादा कोणत्या?

गोनीदांवर टीकाही झाली. त्यांची माणसे फार भाबडी आणि चांगली असतात, निसर्गाचे वर्णन कधी कधी कथेवर मात करते, गतकाळाची ओढ जास्त आहे, असे आक्षेप घेतले जातात. मराठीत नवसाहित्य शहरी मनाचे तुटलेपण मांडत होते, त्याच काळात ते डोंगरातल्या श्रद्धाळू माणसांविषयी लिहीत राहिले. सतत लिहिणाऱ्या लेखकाची सारी पुस्तके एकाच उंचीची नसतात, हेही खरे. पोटासाठी लिहिण्याची ती किंमत असते. तरी ‘शितू’, ‘पडघवली’, ‘माचीवरला बुधा’, ‘स्मरणगाथा’ यांच्या आवृत्त्या निघत राहिल्या, हा वाचकांनी दिलेला कौल आहे.

हिंगण्यातील नव्या लेखक-छायाचित्रकाराने काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे विषय जवळचा असावा. हिंगणा म्हटले की एमआयडीसी आणि लोकमान्यनगरपर्यंत आलेली मेट्रो डोळ्यांसमोर येते. पण याच तालुक्यात वेणा नदी आहे, आणि टाकळघाट-खापा परिसरात लोहयुगीन शिळावर्तुळे आहेत. नागपूर विद्यापीठाने १९६० च्या दशकात शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले होते. कारखान्यांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या खुणा असणे, हा लेखणी आणि कॅमेरा दोन्हींसाठी तयार विषय आहे. वसाहत वाढते तशा अशा खुणा पुसल्या जातात. आज काढलेले चित्र उद्या नोंद ठरते.

दुसरी गोष्ट हक्कांची. लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे गोनीदांच्या पुस्तकांवरील हक्क २०५८ अखेरपर्यंत राहील. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही हीच मुदत लागू झाली आहे.

यात एक मेख आहे. कोणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला मालक छायाचित्रकार नव्हे, तर काम देणारा ठरतो. म्हणून लग्नाचे असो वा कारखान्याचे, काम घेण्याआधीच हक्काचा मुद्दा लेखी करून घ्यावा. हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर तेही लेखीच लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच मानतो.

तिसरी गोष्ट संयमाची. तेराव्या वर्षी घर सोडणारा मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर लेखनाकडे वळला, सदतीस वर्षांचा असताना त्याची ‘शितू’ आली आणि साठाव्या वर्षी त्याला अकादमी पुरस्कार मिळाला. मधल्या काळात उत्पन्नाची हमी कधीच नव्हती. हाती होता तो पायांखालून गेलेला मुलूख, कानांत साठलेल्या बोली आणि रोलवर टिपलेले बुरूज. यावर पोट भरते का, या प्रश्नाचे त्यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर सोपे नाही : भरते, पण उशिरा आणि रोज लिहावे लागेल या अटीवर.